घाटाखालची पारध

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या राज्यांत घोड्या-खेचरांच्या रांगा रॉकी पर्वत चढू लागतात. जनावरांच्या पाठीवर तंबू, शिधा आणि चाऱ्याच्या गाठी असतात. पुढे वाटाड्या, मागे बंदूकवाले. ज्याच्यासाठी ही यातायात चालते तो एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. त्याचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या घरात जातो. मोहिमेची आखणी महिनोन्महिने आधी सुरू होते. परवाना काढावा लागतो आणि चांगल्या टापूसाठी तो सोडतीत लागावा लागतो. वायोमिंगमधल्या काही राखीव रानांत परराज्यातल्या शिकाऱ्याला स्थानिक वाटाड्या सोबत असल्याशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. तिथल्या सरकारी रानांत घोड्यांसाठी नेलेला चारासुद्धा तणाच्या बिया नसलेला, प्रमाणित असावा लागतो, नाहीतर लिदीतून परकं तण डोंगरभर पसरतं. जनावर पडलं की खरं काम सुरू होतं. ते सोलायचं, मांस थंड करायचं आणि खेचरांवर लादून खाली आणायचं.

असं काही आपल्याकडे, मुंबईपासून दोन-तीन तासांवर असलेल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत होऊ शकतं का, असं तिकडून सुट्टीवर आलेलं कुणीतरी अधूनमधून विचारतं. गुन्हा ठरेल, एवढंच सांगून विषय मिटवता येतो. मला मात्र तो तसा मिटवावासा वाटत नाही, कारण त्याचं नीट उत्तर द्यायला बसलं की या दोन तालुक्यांचं रान, त्यातली जनावरं, कायदा आणि या सगळ्यांत राहणारी माणसं यांचा हिशेब मांडावा लागतो. तो कधीतरी मांडायलाच हवा.

आधी मुलूख बघू. दोन्ही तालुके घाटाखालचे. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत आहे. उत्तरेच्या टोकाला कसाऱ्याचा थळघाट, मग आजोबाचा डोंगर, त्यापुढे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, माळशेज, नाणेघाट आणि दक्षिणेकडे गोरखगड, अहुपे घाट, सिद्धगड. शहापूरच्या पश्चिम अंगाला माहुलीचे सुळके आणि त्यांच्या पलीकडे तानसाचं रान पसरलेलं आहे. मधल्या भागात भाताची खाचरं, वरकस जमीन, पाडे, धरणं. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो आहे, भातसाही मुंबईचीच तहान भागवतं, आणि ज्या तालुक्यात ही धरणं आहेत तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंडे ओळीत लावलेले असतात. माणसाची ही कथा, तर जनावराची वेगळी असायचं कारण नाही. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि उरलेल्या डोहांवर सगळं रान एकवटतं. या भागातल्या शिकारीचा इतिहास असो की आजचं प्राणीदर्शन, दोन्हींचं सूत्र पाणवठाच आहे.

तानसा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झालं. क्षेत्र ३०० चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते दोन जिल्ह्यांत विभागलं गेलं. शहापूरचा भाग ठाण्यात राहिला, वाडा-मोखाड्याकडचा पालघरमध्ये गेला. मुरबाडच्या दक्षिणेचं रान १९८५ च्या भीमाशंकर अभयारण्याला लागतं आणि सिद्धगडाचा परिसर त्यातच येतो. घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात १९८६ चं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. म्हणजे या दोन तालुक्यांच्या तीन बाजूंना संरक्षित रानं आहेत आणि मधली खासगी माळरानं, गावठाणं, रस्ते आणि रूळ ओलांडून जनावरं एकातून दुसऱ्यात जातात.

हे नुसतं अंदाजाने म्हणत नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आलं. आजोबा हे त्याचं नाव पुढे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. सुजय डहाकेंचा २०१४ चा चित्रपट त्याच्यावरच आहे. सोडल्यावर तो घाट उतरला, कसाऱ्याकडे वळला, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचला. ना नकाशा, ना वाटाड्या. दिवसा दडायचं, रात्री चालायचं आणि माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. या डोंगरांत कसं फिरावं याचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळायचा नाही. २०११ च्या अखेरीस घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

आता जनावराकडे येतो. एल्कच्या जागी आपल्याकडे सांबर आहे, आणि हे नातं नुसतं दिसण्याचं नाही. सिलोनमधले इंग्रज मळेवाले सांबरालाच एल्क म्हणत आणि कुत्र्यांचे कळप सोडून त्याची शिकार करत. सॅम्युएल बेकर याने १८५४ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. सांबर हे भारतातलं सगळ्यांत मोठं हरीण. नर २००-२५० किलोंचा सहज होतो आणि त्याच्या शिंगाला बहुधा तीन टोकं असतात. हे डोंगरउताराचं जनावर. सपाटीवर कळपाने चरणं हा चितळाचा स्वभाव. सांबर एकटं-दुकटं, फार तर मादी-पाडस अशा जोडीने असतं, तेही संध्याकाळ कलल्यावर. दिवसा ते गर्द घळीत बसून राहतं. धोका जाणवला की पुढचा पाय आपटतं आणि घंटेवर टोला पडावा तसा एकच खणखणीत आवाज देतं. तो आवाज अर्धा डोंगर ओलांडून ऐकू येतो. हिवाळ्यात माजाचा काळ असतो तेव्हा नर झाडांना शिंगं घासतात, चिखलात लोळतात, खारट मातीच्या जागा चाटायला येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर शिंगं गळतात.

तानसा आणि भीमाशंकर या दोन्ही अभयारण्यांत सांबराची नोंद आहे. पण नोंद असणं आणि दिसणं यांत मोठं अंतर आहे. या पट्ट्यात हिंडणाऱ्या माणसाला भेकर भेटतं, रानडुकराने उकरलेली जमीन भेटते, ससा, उदमांजर, साळिंदराचे काटे, भीमाशंकरच्या बाजूला शेकरू आणि नशीब असेल तर बिबट्याचा माग भेटतो. सांबर भेटतं ते बहुतेक वेळा लेंड्यांच्या आणि खुरांच्या रूपात. रॉकी पर्वतांतली स्थिती अगदी वेगळी आहे. एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. तिथल्या शिकारीच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो या संख्येवर उभा आहे. बंदुका आणि काडतुसांवरच्या खास कराचा पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांकडे वळवला गेला, परवान्यांचं शुल्कही तिकडेच जातं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी संपत आलेला एल्क पुन्हा वाढला. हा युक्तिवाद तिथल्यापुरता खोटा नाही. पण तो उचलून इथे लावणाऱ्यांनी आधी तानसाच्या रानाचा आकार बघावा, शेजारी बसलेली दोन कोटींची वस्ती बघावी, आणि मग किती सांबरं मारायला परवडतील याचा आकडा सांगावा. माझ्या मते तो आकडा शून्य आहे.

घोड्याचं काय? महाराष्ट्राला घोडा नवा नाही. भीमाकाठची भीमथडी तट्टं मराठ्यांच्या फौजांनी अटकेपर्यंत नेली. अलीकडे या जातीला स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यताही मिळाली आहे. घोड्यावरून शिकारही महाराष्ट्रात झाली, पण ती देशावरच्या मोकळ्या माळावर. कोल्हापूरचे शाहू महाराज घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्यात तरबेज होते आणि पाळलेले चित्ते सोडून काळवीट धरण्याचा खेळ तिथल्या संस्थानात चाले. त्याच संस्थानाचं राखीव शिकारीचं रान पुढे दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, १९५८ मध्ये. अशा शिकारीला घोड्याला चौखूर उधळता येईल अशी जमीन लागते. घाटाखाली ती नाही. इथे चढ उभा, पायाखाली सुटा मुरूम, आणि पावसाळ्यानंतर कमरेइतकं गवत.

या वाटांनी ओझं वाहिलं ते बैलाने. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल जुन्नरला जायचा तो नाणेघाटाने. त्या घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे आणि बाहेर तो मोठा दगडी रांजण, ज्यात जकात टाकली जाई असं सगळे सांगतात. फरसबंद केलेली ती वाट लमाणांच्या बैलतांड्यांनी आणि माणसांच्या डोक्यांनी वाहती ठेवली. आजही मुरबाड तालुक्यातल्या म्हसे गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते तेव्हा तिची ओळख बैलांचा बाजार अशीच आहे. खिल्लार बैलाच्या शिंगांना रंग, कपाळाला गुलाल, व्यापारी कापडाखाली बोटं धरून भाव ठरवतो आहे आणि बाजूला घोंगड्यांचे ढीग लागलेले आहेत, हे दृश्य बघितलं की घाटाखालचा माणूस कुठल्या जनावरावर विसंबून राहिला ते कळतं. घोडा डोंगरावर राबताना बघायचा असेल तर शेजारच्या कर्जत तालुक्यातलं माथेरान आहे. आजोबाच्या खिंडीत, साधले घाटात किंवा बेलपाड्याहून कोकणकड्याला जाणाऱ्या नळीच्या वाटेत घोडा घालणं म्हणजे त्या मुक्या जनावराचा जीव घेणं. तिथे माणसालाही हात टेकून चढावं लागतं.

शिकारीचा इथला जुना इतिहास दोन पदरी आहे आणि ते दोन पदर एकमेकांत मिसळू नयेत. एक साहेबाची शिकार. १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये रानटी जनावरांचं वर्णन आहे आणि त्यात वाघ, बिबट्या, सांबर यांची हजेरी लागते. थळघाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर गेली आणि मुंबईचा शिकारी रात्रीच्या गाडीने निघून पहाटे रानाच्या तोंडाशी उतरू लागला. पुढच्या वीस वर्षांत, १८८३ मध्ये, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत शिकारी बरेच होते आणि जर्नलच्या जुन्या अंकांत शिकारीच्या टिपणांना मोठी जागा मिळे. मारलेल्या जनावराची लांबी-रुंदी मोजता मोजता ही माणसं जिवंत जनावराकडे वळली, हे त्या संस्थेचं ऋण मान्य करायला हवं. पण साहेबाने मचाणावर बसून चाप ओढला, तो क्षण घडवून आणणारे पन्नास-शंभर लोक खाली रानात होते. डबे वाजवत, झुडपं झोडपत हाका घालणारे. माग काढणारा त्यांच्यातला. बांधलेलं रेडकू गावातलं. जखमी जनावर उलटलं तर फाटायचं तेही त्यांच्यातलंच कुणीतरी. ते किती राजीखुशीने जात आणि किती हुकमाने, हे १९४५ मध्ये याच जिल्ह्याच्या उत्तर भागात वेठीविरुद्ध वारल्यांनी केलेल्या उठावाकडे बघून ज्याने त्याने ठरवावं.

दुसरा पदर पारधीचा. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली. भातकापणी उरकली, शिमगा जवळ आला की पाड्यावरची पुरुष मंडळी कुत्री घेऊन निघत. वाघर लावायची, म्हणजे उताराच्या तोंडाशी जाळी ताणायची आणि वरून हाका घालत ससा, भेकर, डुक्कर तिच्याकडे रेटायचं. जे मिळेल त्याचे वाटे पडत. ज्याचा तीर लागला त्याला, ज्याचं कुत्रं पुढे होतं त्याला आणि घरी असलेल्या म्हातारीलाही. कातकऱ्यांची पारध त्याहून लहान: गलोलीने पाखरं, बांधातले उंदीर, ओढ्यातले खेकडे आणि मासे. एकेकाळी खैराच्या झाडापासून कात काढणं हा त्यांचा धंदा होता. रान सरकारी झालं, खैर तोडणं बंद झालं, आणि आज दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या कितीतरी कातकरी वाड्या ओस पडतात, कारण माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी आहेत ते उगाच नाही.

कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. १९७२ ला शिकार बंद झाली असं सरसकट बोललं जातं. ते पूर्ण खरं नाही. त्याआधी मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा होताच. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने वाघासारख्या प्राण्यांची शिकार बंद केली, पण बाकीच्यांसाठी विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणं असे परवाने ठेवले होते. सांबर तेव्हा मोठ्या शिकारीच्या यादीत होतं. परवान्यांचं ते दार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झालं. तेव्हापासून हौसेची शिकार भारतात कुठेही, कुणालाही, कितीही पैसे मोजून कायदेशीरपणे करता येत नाही.

शिकार या शब्दाची कायद्यातली व्याप्तीही मोठी आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, फास लावणं, आमिष ठेवणं, पाठलाग करणं, हाकत नेणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं हेही शिकारच. म्हणजे बंदूक न घेता नुसतं घोडं दामटत सांबराच्या मागे लागलात तरी गुन्हा होतो. अभयारण्यात विनापरवानगी हत्यार घेऊन शिरणं हा वेगळा गुन्हा. अभयारण्यातल्या शिकारीला किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंगवास आहे. रानात गळून पडलेलं सांबरशिंगही उचलून घरी आणू नका. दिवाणखान्याच्या भिंतीवर ते कितीही शोभलं तरी ते बाळगणं तुम्हाला महागात पडेल. शेताची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी मिळण्याची तरतूद आहे. ती शेतकऱ्यासाठी आहे, शहरातून आलेल्या हौशी बंदूकवाल्यासाठी नाही.

पारध करणाऱ्यांनाही सूट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, चराई, मासेमारी, सामूहिक वनहक्क असं बरंच काही मान्य केलं. परंपरेने चालत आलेले इतर हक्कही मान्य केले, पण त्याच कलमात शिकार, फास लावणं आणि प्राण्याचा अवयव काढून घेणं हे स्पष्ट शब्दांत वगळलं. मला हा निर्णय बरोबर वाटतो. उरलेलं रान इतकं थोडं आहे की त्यावर कुणाच्याच परंपरेचा भार आता टाकता येत नाही. पण एक हक्क काढून घेताना त्याच्यामागची विद्या कुठे जाईल याचा विचार कुणी केला नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

कारण ती विद्या खरी आहे. आजोबाच्या पायथ्याला डेहण्याच्या बाजूच्या एका ठाकर आजोबांबरोबर मी ओढ्याच्या काठाने चाललो आहे. ते बोलत नाहीत. एका जागी काठीने पाचोळा बाजूला करतात. खाली दोन पाकळ्यांचा खूर उमटलेला, पुढचं टोक खोल. सांबर उताराला घाईने गेलं, एवढं मलाही कळतं. पण ते कडेची माती बोटाने दाबून बघतात. कड अजून ढासळलेली नाही, म्हणजे माग रात्रीचा. पुढे एका झाडाच्या सालीवर छातीच्या उंचीला घासल्याच्या खुणा आणि सालीत अडकलेले राठ, तपकिरी केस. मग लेंड्या; एक ते फोडतात, आतला हिरवेपणा दाखवतात. मी पुढे सरकतो तर मागून हात पडतो. "दादा, तिकडून नका जाऊ. वारा आपल्या पाठीचा हाये." आम्ही लांबचा वळसा घालतो. सांबर दिसत नाही. पण घळीच्या पलीकडून पाय आपटल्याचा आवाज येतो, आणि मग तो टोला. आजोबा खाली बसतात, तंबाखू मळतात. त्यांच्या लेखी सकाळचं काम झालेलं असतं.

हे ज्ञान त्यांच्या नातवाकडे नाही. तो आसनगावजवळच्या गोदामात पाळीवर जातो आणि त्यात वावगं काहीच नाही; पोट भरायला हवं. वावगं हे आहे की ज्या कौशल्यासाठी आफ्रिकेतल्या अभयारण्यांत माग काढणाऱ्याला नोकरी, गणवेश आणि मान मिळतो, त्याला शहापूर-मुरबाडमध्ये भावच नाही. भाव आहे तो फक्त चोरट्या शिकारीत. ती थांबलेली नाही. मोटारसायकलच्या क्लचवायरचे फास, ठासणीच्या बंदुका, पिठाच्या गोळ्यात दडवलेले गावठी बॉम्ब, कुंपणात सोडलेली वीज आणि रात्री गाडीच्या उजेडात ससे टिपणाऱ्या शहरी टोळ्या, हे सगळे प्रकार महाराष्ट्रभर चालू आहेत आणि हा पट्टाही त्याला अपवाद नाही. फास डुकरासाठी लावलेला असतो, अडकतो बिबट्या. पाड्यावरच्या पारधीत वाटे पडत आणि पिल्लू असलेल्या मादीला सोडण्याची रीत तरी होती. या धंद्यात विकत घेणारा ढाब्यावर बसलेला असतो आणि पकडला जातो तो फास लावणारा गरीब.

याच्या जोडीला रानाचे तुकडे पडत आहेत. जुना मुंबई-नाशिक महामार्ग आणि रेल्वे होतीच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडमध्ये काळू धरणाचा प्रकल्प सुमारे १००० हेक्टर वनजमीन मागतो आहे आणि वनमंजुरीवाचून सुरू केलेलं त्याचं काम उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबवावं लागलं होतं. त्या आजोबा बिबट्याने ओलांडली ती वाट त्याच्यामागून येणाऱ्या जनावराला आज तशीच ओलांडता येईल का, याची मला काळजी वाटते.

मग डोंगरात जनावरामागे जाण्याची ओढ असलेल्या माणसाने करायचं काय? ती ओढ वाईट नाही. व्यंकटेश माडगूळकर शिकारीचे शौकीन होते. पुढे बंदूक बाजूला ठेवून ते वही आणि रेखाटनं घेऊन नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले आणि 'सत्तांतर' सारखं पुस्तक मराठीला मिळालं. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून रानाची भाषा वेचली. शिकाऱ्याचे कान, डोळे आणि सोशिकता यांतलं काहीही वाया न घालवता चाप तेवढा सोडून देता येतो, हे या दोघांनी दाखवलं आहे. म्हणून मोहीम आखाच. शिकाऱ्याच्या काटेकोरपणे आखा.

हंगाम दोन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा आणि माग बघण्याचा. दव पडलेलं असतं, ओढ्याकाठची माती ओलसर असते, सांबराचा माजाचा काळ असल्याने आवाज मिळतात. दुसरा हंगाम एप्रिल-मे, पाणवठ्यावर बसण्याचा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखातं अभयारण्यांत मचाणांवरून पाणवठ्यांवरची प्रगणना करतं आणि त्यात निसर्गप्रेमींना नाव नोंदवून भाग घेता येतो. तानसाच्या रानात मचाणावर कायद्याने बसण्याची ही संधी सोडू नये. संध्याकाळी चढायचं, सकाळपर्यंत उतरायचं नाही, विडी नाही, अत्तर नाही, मोबाइलचा उजेड नाही. मध्यरात्रीपर्यंत बहुधा काहीच येत नाही. मग रातव्याची हाक, कोरड्या पानांवर साळिंदराची खसखस, आणि चंद्र माथ्यावरून ढळला की पाण्याच्या कडेला एक मोठी सावली येऊन मिनिटभर नुसती उभी राहते. पावसाळ्यात मात्र या कड्यांकडे जनावरं बघायला जाऊ नका. दरडी, धुकं आणि फुगलेले ओढे यांत दरवर्षी जीव जातात.

तळ कुठे टाकायचा ते जनावरावर नाही, वाटेवर ठरतं. माहुलीसाठी आसनगाव स्टेशन, आजोबासाठी डोळखांबवरून डेहणे, नाणेघाटासाठी वैशाखरे, भैरवगड आणि माळशेजच्या अंगासाठी मोरोशी, गोरखगड आणि अहुपे घाटासाठी देहरी. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून एसटी आहे. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन नोंद करा, परवानगी आणि शुल्काची पावती जवळ ठेवा. गट पाचांपेक्षा मोठा नको. माणसामागे ४ लिटर पाणी, कारण नकाशावरचं टाकं मार्चनंतर कोरडं असतं. कपडे मातकट, बूट घोट्याच्या वर येणारे. या रानात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. साप चावला तर चिरा-आवळा न करता, माणसाला न चालवता शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नेणं एवढंच करायचं आहे, म्हणून गाडी कुठे मिळेल हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं. रानात फास दिसला, मेलेलं जनावर दिसलं तर हात लावू नका; जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि ओझ्यासाठी घोडा शोधत बसण्यापेक्षा पाड्यावरचा माणूस घ्या. तो ओझं उचलणारा हमाल म्हणून नको, माग वाचणारा म्हणून हवा, आणि मजुरीही त्याच कामाची हवी. ती निघण्याआधी ठरवावी, रोख द्यावी, आणि जनावर दिसलं नाही म्हणून कापू नये. जमलं तर म्हाताऱ्याबरोबर त्याच्या नातवालाही दोन दिवसांच्या पूर्ण मजुरीवर घ्यावं. वनखात्याने आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांच्या ग्रामसभांनी मिळून असे माग काढणारे नोंदवून घ्यावेत, प्रगणनेच्या कामाला आणि फास शोधण्याच्या गस्तीला त्यांना वर्षभराचा पगार द्यावा. फास कुठे लागत असेल, हे ज्याने लहानपणी वाघर लावलेली पाहिली आहे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही, आणि असे म्हातारे आता पाड्यापाड्यावर एक-दोनच उरले आहेत.